एकाच पाइपात २४ आणि २३०

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल सगळं एकमेकांना खेटून आहे. इथे फायर अलार्मची वायरिंग करता करता जे कळत गेलं, ते लिहून ठेवतोय.

१. "साहब, एक ही पाइप में डाल दें?" हा प्रश्न दर साइटवर येतो आणि बहुधा शिफ्ट सुटायच्या वेळेलाच येतो. उत्तर नाही. अलार्मची २४ व्होल्ट डीसी जोडी वेगळ्या पाइपात, २३० किंवा ४१५ ची पॉवर वेगळ्या पाइपात. जंक्शन बॉक्सही वेगळे. आपल्या आयएस २१८९ या मानकाचा रोख हाच. अमेरिकेच्या विद्युत संहितेतलं ७६० वं कलमही पॉवर-लिमिटेड अलार्मची वायर पॉवरच्या पाइपात घालू देत नाही आणि शेजारून न्यायची तर सर्वसाधारणपणे किमान २ इंच अंतर मागतं.

२. "केबल ११०० व्होल्टची आहे, मग काय बिघडतं?" हा ठेकेदारांचा लाडका मुद्दा. इन्शुलेशन तगेलही, पण ढिला लग आणि तापलेला जॉइंट पॉवरच्याच बाजूला असतो. तिथे पेट घेतला की ओरडून सांगणारी तार त्याच पाइपात आधी जळते. शिवाय भरलेल्या पाइपातून नवी वायर खेचताना जुनीची साल निघते, आणि मग २३० थेट पॅनेलच्या कार्डावर.

३. खरी डोकेदुखी मात्र खोट्या अलार्मची. मोठ्या ब्लोअरचा ड्राइव्ह सुरू झाला की शेजारून लांबवर गेलेल्या लूपमध्ये व्होल्टेज उमटतं. अ‍ॅड्रेसेबल पॅनेलचा संवाद त्याच दोन तारांवरून बारीक स्पंदनांनी चालतो. त्यात गोंधळ झाला की पॅनेल सांगतं, अमुक डिटेक्टर गायब. तपासायला गेलं तर डिटेक्टर जागेवर, ठणठणीत. लूप सोडवून मल्टिमीटर एसीवर लावला की काही व्होल्ट दिसतात. पण डिजिटल मीटर भुताटकीचे व्होल्टही दाखवतो. काही किलो-ओहमचा रेझिस्टर आडवा लावायचा. आकडा कोसळला तर शेजाऱ्याचा प्रताप, टिकून राहिला तर कुठेतरी तारा चिकटल्यात. हे महिनोन्‌महिने चाललं की कोणीतरी वैतागून हूटर बंद करायचं बटण दाबून ठेवतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. बारा तासांच्या पाळीत दहादा भोंगा सहन करून बघावा.

४. पिळाची, शील्डवाली जोडी वापरा. शील्डला अर्थ एकाच टोकाला, पॅनेलपाशी. दोन्हीकडे दिला की शील्डमधूनच करंट फिरू लागतो. पॉवर केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

५. ५०० व्होल्टचा मेगर लावायच्या आधी पॅनेल आणि सगळे डिटेक्टर सोडवून ठेवा. हे सांगायची गरज नसावी, पण असते.

६. इथली धूळ लोखंडाची असते. बॉक्सचं झाकण सैल राहिलं की ती टर्मिनलांवर साचते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत आपली वाट शोधते. केबल गॅलरीत ग्लँड नीट आवळा. धूर ओळखणारे डिटेक्टर अशा धुळीत सारखे फसतात. तिथे उष्णता ओळखणारी लांब केबल बरी.

७. रायपूरहून मोठा रस्ता राजनांदगाव, भंडाऱ्यावरून नागपूरला जातो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं दगावली. त्यानंतर ओळखीच्यांचे फोन आले. सगळ्यांना डिटेक्टर किती लागतील ते हवं होतं. पाइप कुठून जाणार, हे एकानेही विचारलं नाही.

८. अलार्मचा पाइप अर्धा रिकामा दिसतो आणि हीच त्याची अडचण. काम झाल्यावर मी त्याला लाल रंग देतो, नकाशावर दाखवतो आणि खेचायची दोरी आत ठेवत नाही. दोरी दिसली की पुढचा वायरमन पंख्याची वायर तिथूनच नेणार.