सालोटा आधी, सालेर मग

सालेरला जाणारे बरेच जण सालेरवाडीतून चढतात, परशुरामाच्या पादुकांपुढे हात जोडतात आणि आल्या वाटेने उतरतात. शेजारचा सालोटा 'पुढच्या वेळी' राहतो. दोन्ही माथे एका दिवसात गाठायचे आणि चढलेली वाट पुन्हा तुडवायची नाही, तर वाघांबे, खिंड, सालोटा, पुन्हा खिंड, सालेर आणि सालेरवाडी असा वळसा घ्यावा. क्रम उलटा करू नये. का, ते ओघात येईलच.

दिवस निवडावा दसरा-दिवाळीच्या मधला. पाऊस ओसरलेला असतो, टाकी भरलेली असतात आणि हवा इतकी स्वच्छ की बागलाणातले आणि त्यापलीकडचे डोंगर एकेक करून ओळखता येतात. डिसेंबरात थंडी सुखाची असली तरी दूरचं सगळं धुरकट होतं. शरदाची खोड एकच, ऊन. ऑक्टोबरचं ऊन या उघड्या कातळावर दहा वाजल्यापासून चटके देऊ लागतं आणि दोन्ही किल्ल्यांवर सावली म्हणजे काय ती गुहांची किंवा दरवाज्यांची. पूर्ण दिवसाची आखणी या उन्हाला चुकवण्यासाठीच करायची आहे.

आदल्या रात्री सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत वाघांब्यात मुक्कामाला पोहोचावं. त्याच संध्याकाळी दोन कामं उरकावीत. गावातला एक वाटाड्या ठरवावा. खिंडीपर्यंत ढोरवाटा जागोजागी फुटतात आणि या दिवसांत गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं, तेव्हा नकाशा खिशात असून फारसा उपयोग नाही. दुसरं, उतरल्यावर सालेरवाडीहून परत आणायला जीप सांगून ठेवावी. संध्याकाळी रस्त्यावर काहीतरी मिळेल या भरवशावर राहू नये.

सॅकमध्ये माणशी चार लिटर पाणी भरावं. वर टाकी आहेत हे खरं, पण सालोट्यावरून उतरेपर्यंत आपल्याजवळचंच प्यायचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि टोपी हवीच. कुसळं आणि ऊन दोन्हींवर तोच उपाय. गूळ-शेंगदाणे, भाकरी, चटणी, एखादं लिंबू, मीठ-साखरेची पुडी. विजेरी प्रत्येकाकडे वेगळी, उतरायला अंधार होणार नाही असं वाटत असलं तरी. अत्तर किंवा वासाचा स्प्रे घरी ठेवावा. कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्याच कारणाने वर धूर, विडी, चूल काही नको. वाळत्या गवताला ठिणगी पुरते, ते वेगळंच.

पहाटे साडेपाचला निघावं. दिवस उजाडतो साडेसहाच्या सुमारास, म्हणून पहिला तास विजेरीच्या उजेडात, सपाटीवरच्या शेतांमधून जातो. पुढे गवताळ सोंडेवरून चढ लागतो. सकाळी गवत दवाने ओलं असतं आणि बूट भिजतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. दुपारी हेच गवत वाळून पायाखाली साबणासारखं निसटतं. काठी पुढे आपटत चालावं. फुरसं उन्हाची वाट पाहत वाटेवरच पडलेलं असतं आणि ते बाजूला होण्याची घाई करत नाही. साधारण दोन तासांत खिंड येते. उजवी-डावीकडे दोन किल्ले आणि मधे आपण.

इथे सालेर मोठा दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. वळू द्यायचे नाहीत. सालोटा लहान असला तरी अधिक उभा आहे. कातळात खोदलेल्या त्याच्या पायऱ्या काही ठिकाणी झिजल्या आहेत, काही ठिकाणी मुरुम-मातीच्या घसाऱ्याने भरल्या आहेत. सकाळच्या ताज्या पायांनी, कातळ तापण्याआधी ही चढण होते. सालेर करून थकलेल्या गुडघ्यांनी दुपारी तीच उतरणं धोक्याचं. सॅक खिंडीत वाटाड्याच्या ओळखीच्या जागी ठेवून फक्त पाणी घेऊन चढावं. दोघांमध्ये चार हातांचं अंतर ठेवावं, म्हणजे वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात जात नाही. दरवाजे एकापाठोपाठ येतात. माथ्यावर अवशेष थोडेच, पण सालेरचा पूर्ण आकार पाहायचा तर तो इथूनच. सालेरवर उभं राहून सालेर दिसत नाही! उतरताना घसाऱ्यावर तोंड डोंगराकडे करून, तीन आधार घट्ट असल्याशिवाय चौथा हलवू नये. नऊ-साडेनऊला खिंडीत परत यायला हवं. साडेदहा वाजले आणि अजून सालोट्यावरच असाल, तर सालेर सोडून वाघांब्याला उतरावं. हा निर्णय चर्चेला ठेवायचा नाही.

सालेरची वाट रुंद पायऱ्यांची, मनाला धीर देणारी. पहिला दरवाजा ओलांडला की कातळाच्या पोटातून आडवी वाट जाते आणि तिच्या कडेने खोदलेल्या गुहांची रांग लागते. भर उन्हातली विश्रांती इथे घ्यावी. पुढचे दरवाजे पार करून माथ्याच्या पठारावर आलात की गंगासागर तलाव, रेणुकादेवीचं मंदिर आणि राहण्याजोग्या गुहा. पिण्याचं पाणी टाक्यातून, वाटाड्या दाखवेल त्याच, आणि गाळून घ्यावं. जेवण, पडी, सगळं इथेच; शिखर जेवल्यावर तासाभराने.

परशुरामाचं शिखर 1567 मीटरवर आहे. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला, आणि राज्याच्या शिखरांमध्ये कळसूबाईच्या खालोखालचं हे टोक. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण घडवलं, अशी श्रद्धा आहे. एकीकडे मुल्हेर-मोरा, हरगड आणि मांगी-तुंगीचे सुळके. दुसरीकडे सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि धोडपचा ओळखू येणारा माथा. मग नजर खाली पायथ्याकडे न्यावी. 1672 साली इखलासखान आणि बहलोलखानाच्या मोगली फौजेला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इथल्या मोकळ्या मैदानात हरवलं. सूर्याजी काकडे त्या लढाईत पडले. मराठे फक्त गनिमी काव्यानेच लढत, असं म्हणणाऱ्यांना इथे आणून उभं करावं. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत सालेर आहे. सालोट्याचं नाव यादीत नाही, म्हणूनही तो सकाळीच पाहून घेतलेला बरा.

दोननंतर शिखरावर रेंगाळू नये. परतीच्या पावसाचे ढग याच सुमारास उभे राहतात, आणि गडगडाट ऐकू आला तर फोटो राहू देऊन लगेच पठारावर यावं.

उतरायचं सालेरवाडीकडे. या बाजूलाही दरवाज्यांची मालिका आहे आणि पायऱ्या चांगल्या आहेत, मात्र त्या संपल्यावरची गवताळ धार गुडघ्यांची परीक्षा पाहते. टाचेवर भार देऊन, लहान पावलं टाकत उतरावं. धावत सुटणारे इथेच आपटतात. दोन-अडीच तास धरावेत. ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा साडेपाचच्या आत गावात पोहोचायचा हिशेब ठेवावा. वाटाड्याचे पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्यावेत, त्याला परत वाघांब्यालाच जायचं असतं, म्हणून जीपमध्येही त्याची जागा धरावी. वळसा पायांनीच पूर्ण करायचा हट्ट असेल तर डांबरी रस्ता आहे. त्यावर पाऊल ठेवण्याआधी बसून मोजे बदलावेत आणि कुसळं काढावीत.