स्मृतीतील रिकाम्या जागा

संगणकाची स्मृती ओळीने मांडलेल्या लहान कप्प्यांची बनलेली असते. प्रत्येक कप्प्यास बाइट म्हणतात. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ० किंवा १ हा अंक धारण करणारी आठ स्थाने असतात. कप्प्यांना ०, १, २, ३ असे अनुक्रमांक दिलेले असतात. त्या क्रमांकास कप्प्याचा पत्ता असे नाव आहे. कोणती माहिती कोणत्या पत्त्यापासून ठेवावयाची, याची आखणी बहुधा कंपायलर करतो. मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर होय.

ही आखणी करताना कंपायलर काही कप्पे मुद्दाम रिकामे सोडतो. त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. समजा, एखादे यंत्र एका वेळी चार बाइट वाचते: प्रथम ० ते ३, नंतर ४ ते ७. चार बाइटांची संख्या ४ या पत्त्यापासून ठेवल्यास ती एकाच वाचनात हाती येते. तीच ३ या पत्त्यापासून ठेवली, तर तिचा एक बाइट पहिल्या गटात व तीन दुसऱ्या गटात पडतात. मग दोनदा वाचून तुकडे जोडावे लागतात. १९६४ साली जाहीर झालेल्या आय. बी. एम. सिस्टिम/३६० या संगणकमालेत तर अशी मांडणी ही चूकच मानली जाई. आजची अनेक यंत्रे ती चालवून घेतात. तथापि कामास विलंब होऊ शकतो. यास्तव चार बाइटांची संख्या सामान्यतः चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवतात.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या सी भाषेतील एक उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याच्या नोंदीत क्रमाने तीन घटक आहेत: तुकडीचा संकेत १ बाइट, नोंदणी क्रमांक ४ बाइट आणि श्रेणी १ बाइट. बेरीज ६ होते. परंतु नेहमीच्या यंत्रांवर ही नोंद १२ बाइट व्यापते. संकेत ० वर बसतो, १ ते ३ रिकामे राहतात, क्रमांक ४ ते ७ मध्ये येतो, श्रेणी ८ वर जाते आणि ९ ते ११ पुन्हा रिकामे राहतात. या रिकाम्या जागेस पॅडिंग म्हणतात. शेवटचे तीन बाइट पुढील नोंदीसाठी आवश्यक असतात. ते नसते, तर दुसरी नोंद ९ पासून सुरू होऊन तिचा क्रमांक १३ वर गेला असता. आणि १३ ला चारने भाग जात नाही.

सी भाषेच्या नियमानुसार घटकांचा लिहिलेला क्रम कंपायलरला बदलता येत नाही. प्रोग्रॅम लिहिणारा मात्र तो बदलू शकतो. नोंदणी क्रमांक प्रथम लिहिल्यास तीच नोंद ८ बाइटांत मावते. दहा लक्ष नोंदी असल्यास ४० लक्ष बाइटांची बचत होते. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत हा क्रम बदलण्याची मुभा कंपायलरलाच दिलेली आहे.

रिकामी जागा म्हणजे शून्यांनी भरलेली जागा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्या कप्प्यांत पूर्वीच्या कामाचे बिट तसेच उरलेले असू शकतात. नोंदीतील घटकात मूल्य भरल्यानंतर पॅडिंगमध्ये काय असावे, हे सी भाषेचे प्रमाणपत्रक ठरवून देत नाही. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, दोन नोंदींचे सर्व घटक समान असूनही बाइटागणिक तुलना केल्यास त्या भिन्न ठरू शकतात. म्हणून तुलना घटकागणिक करावी लागते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. संगणकाचा मुख्य नियंत्रक प्रोग्रॅम जेव्हा एखादी नोंद सबंधच्या सबंध दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतो, तेव्हा पॅडिंगमधील जुने बिटही तिच्याबरोबर जातात. त्यांत एखाद्या गुप्त संकेतशब्दाचा अंशही असू शकतो. लिनक्स प्रणालीत अशा प्रकारचे दोष वेळोवेळी आढळले व दुरुस्त करण्यात आले.

यावर प्रचलित उपाय म्हणजे नोंद भरण्यापूर्वी तिची सर्व जागा शून्य करणे. परंतु नंतर घटक भरताना पॅडिंगमधील शून्ये टिकतीलच, अशी हमी सी भाषा देत नाही. म्हणून जेथे गुप्तता महत्त्वाची असते, तेथे रिकाम्या जागेस स्वतंत्र घटक म्हणून नाव देतात आणि त्यात स्वतः शून्य लिहितात. नाव मिळाल्यावर ती जागा पॅडिंग राहत नाही, आणि तिच्यातील शून्य हे नोंदीतील इतर कोणत्याही मूल्याप्रमाणे सुरक्षित राहते.