तीन कोपेकांची अंकलिपी

युक्रेन हा युरोपातला देश. काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला आहे. जमीन काळीभोर. गहू उदंड पिकतो.

त्या देशात १८१४ साली तारास शेवचेन्को जन्मला. तो भूदास होता. भूदास म्हणजे जमिनीबरोबर ज्याची मालकी जमीनदाराकडे जाते असा माणूस. आईबाप लहानपणीच गेले. गावातल्या देवळाच्या शिक्षकाकडे पाणी भरून तो अक्षरे शिकला. पुढे चित्रे काढू लागला. हाताला गुण होता. चाहत्यांनी १८३८ साली मालकाला २५०० रूबल मोजले, आणि तारास सुटला. दोन वर्षांनी त्याचे कवितांचे पुस्तक निघाले. कोणत्या भाषेत? त्याच्या आईच्या, युक्रेनी भाषेत.

तेव्हा राज्य होते रशियाच्या झारचे. कचेरीची भाषा रशियन. युक्रेनी ही भाषाच नव्हे, ती गावंढळ बोली, असे सरकारी माणसे म्हणत. १८४७ साली शेवचेन्कोला पकडले. साधा शिपाई करून दूरच्या ओसाड मुलखात धाडले. वर झारचा हुकूम, लिहायचे नाही आणि चित्र काढायचे नाही! पण तो गप्प बसतोय कसला? बारीक वह्या करून बुटात लपवी आणि लिही. अशी दहा वर्षे काढली.

तो सुटून आल्यानंतर शहरांतून रविवारच्या शाळा निघाल्या. दिवसभर राबणारी मोठी माणसे सुट्टीच्या दिवशी तिथे शिकत. आपल्या वर्गासारख्याच म्हणा ना. पण युक्रेनी माणसाने वाचायचे काय? म्हणून शेवचेन्कोने १८६१ साली युक्रेनी अंकलिपी केली. अक्षरे, आकडे, प्रार्थना, म्हणी, जुनी गाणी असे सारे तिच्यात होते. पदरच्या पैशाने १०,००० प्रती छापल्या. किंमत फक्त तीन कोपेक. शंभर कोपेकांचा एक रूबल होतो, म्हणजे बघा किती स्वस्त! त्याच वर्षी मार्चमध्ये तो वारला.

१८६२ साली सरकारने रविवारच्या शाळा बंद केल्या. १८६३ साली युक्रेनीत शाळेची आणि धर्माची पुस्तके छापायला मनाई झाली. १८७६ साली बाहेरून पुस्तके आणणे, नाटक करणे, तेही बंद झाले. तीन कोपेकांच्या पुस्तकाला एवढे मोठे राज्य का भ्यावे? मला वाटते, आपल्या भाषेत वाचणारा माणूस आपण कोण हे विचारू लागतो, म्हणून.

१९८९ साली युक्रेनी ही तिथली राज्यभाषा ठरली. १९९१ साली देश स्वतंत्र झाला. पण घरी रशियन बोलणारे पुष्कळ होते. हंगेरियन, रुमानियन बोलणारेही होते. २०१७ साली कायदा झाला, की पाचवीपासून मुख्य शिक्षण युक्रेनीतून. हंगेरियन आईबाप म्हणाले, आमच्या पोरांच्या भाषेचं काय? त्यांचा सवालही खराच होता, बरं का. २०२२ साली रशियाने मोठी चढाई केली. तेव्हा रशियन बोलणाऱ्या कित्येकांनी आपण होऊन युक्रेनी बोलायला सुरुवात केली. हंगेरियन, रुमानियन मुलांसाठी मात्र डिसेंबर २०२३ मध्ये कायदा सैल झाला. वरच्या वर्गांतही त्यांना आपल्या भाषेतून शिकण्याची मुभा मिळाली. युक्रेनी शिकणे मात्र सक्तीचेच राहिले.