जुना जपानी मिनी ट्रक घेण्यापूर्वी

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. शेतीच्या किरकोळ कामासाठी जुना जपानी मिनी ट्रक घ्यावयाचा आहे. सर्वांची इंजिने ६६० सीसीचीच. मग सर्वांत कमी धावलेला घेतला म्हणजे झाले ना?
– एक वाचक

उत्तर : ६६० सीसी ही जपानी कायद्याने घातलेली कमाल मर्यादा होय, तीवरून सर्व वाहने समान गुणांची ठरत नाहीत. सुझुकी कॅरीचे (आपल्या मारुती ओम्नीचे मूळ हेच) इंजिन आसनाखाली, होंडा ॲक्टीचे हौद्याखाली मागील आसाच्या पुढे, तर सुबारू सांबारचे चार सिलिंडरांचे इंजिन त्या आसाच्याही मागे असल्यामुळे, रिकामा सांबारसुद्धा चिखलात मागील चाकांनी जमीन बरी धरतो. मात्र सुबारूने स्वतःच्या बनावटीचा सांबार २०१२ मध्ये बंद केला, हे ध्यानी असावे.

धावेच्या आकड्यापेक्षा चासी व हौद्याचा तळ येथील गंज आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचा दाखला यांस मी अधिक महत्त्व देईन. हमरस्त्यावरील वेगवान प्रवासास ही वाहने योग्य नव्हेत.

पंचवीस वर्षे पुरी झालेल्या वाहनाच्या आयातीस संघीय कायद्याची मुभा असली, तरी रस्त्यावर चालविण्याची नोंदणी राज्याच्या अखत्यारीतील बाब आहे. सबब आपल्या राज्याच्या नोंदणी कचेरीचा लेखी खुलासा हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये.