अभ्यासपाठ : आवाक्यातील संकल्प

नववर्षाच्या पहिल्या उपासनेनंतर गावोगावच्या मंडळ्यांत संकल्प बोलून दाखविण्याची चाल आहे. चाल चांगली आहे. तथापि तिच्या पोटी एक दुःखही असते, त्याविषयी आज आपण विचार करू.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील सभेत एक बंधू उभे राहिले व म्हणाले, "या वर्षी मी सावकाराचे सगळे कर्ज फेडीन आणि रोज रात्री एक तास वाचन करीन." सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या. हे कर्ज किती, मिळकत किती, दिवसभर मजुरी करून आलेल्या मनुष्याचे डोळे रात्री तासभर उघडे राहतील काय, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. होळीच्या सुमारास ते बंधू सभेस येईनासे झाले. कर्जामुळे नव्हे, तर लाजेमुळे. जो संकल्प त्यांस उभे करावयाचा, त्यानेच त्यांस घरात कोंडले. त्यांचे मन दुबळे होते असे आम्हांस वाटत नाही. दोष आखणीचा होता, आणि टाळ्या वाजविणारे आम्ही त्या दोषाचे वाटेकरी होतो.

मग संकल्प कसा करावा? क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, मोजमाप. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त आपणांस ठाऊक आहे. समजा, घरावर पत्रे घालण्यास 7,800 रुपये लागतात. एका वर्षात ते जमवावयाचे तर दर आठवड्यास 150 रुपये बाजूस पडले पाहिजेत. परंतु घरखर्च वजा जाता 100 रुपयेच उरत असतील, तर वर्षाचा संकल्प खोटा ठरणार हे आजच दिसते. तेव्हा मुदत 78 आठवड्यांची, म्हणजे दीड वर्षाची धरावी. यात कमीपणा काही नाही. उशिरा पडलेले छप्परही पाऊस अडविते.

दुसरी गोष्ट, जे आपल्या हाती आहे त्याचाच संकल्प करावा. महर्षी धोंडो केशव कर्वे (1858–1962) यांच्या बालपणची गोष्ट येथे उपयोगी पडेल. कोकणातील मुरूड गावचा हा मुलगा परीक्षेस बसण्यासाठी सोबत्यांसह डोंगरघाट ओलांडून चार दिवस पायी चालत साताऱ्यास पोहोचला. तेथे तो वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्यास बसूच दिले नाही. चालणे त्याच्या हाती होते, परवानगी नव्हती. आपण वाया गेलो असे मानून तो घरी बसला असता तर? परंतु पुढे कोल्हापुरास जाऊन त्याने तीच परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला. यास्तव "मी परीक्षेत पहिला येईन" असे न म्हणता "मी रोज दहा उदाहरणे सोडवीन" असे म्हणावे. पहिला नंबर दुसऱ्यांच्या हुशारीवरही अवलंबून असतो. दहा उदाहरणे केवळ आपल्यावर.

याच कर्व्यांनी 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. 1900 साली तो हिंगण्यास एका झोपडीत गेला. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते रोज पायी हिंगण्यास जात. महिला विद्यापीठ उभे राहिले ते 1916 साली. झोपडी ते विद्यापीठ हे अंतर अशा रोजच्या पावलांनीच तुटले.

तिसरी गोष्ट, संकल्पास वेळ व जागा बांधून द्यावी. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली दाखवून दिले की, "अमुक घडले की मी तमुक करीन" असे आधी ठरविणारे लोक नुसती इच्छा धरणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा काम तडीस नेतात. नुकतीच अक्षरे शिकलेल्या भगिनीने "मी वाचन वाढवीन" असे म्हणू नये. "चुलीवर भात चढविला की तो शिजेपर्यंत मी पाच ओळी वाचीन," असे म्हणावे. भात रोज शिजतो. तोच आठवण देईल.

चौथी गोष्ट, एक दिवस चुकला म्हणून संकल्प मोडला असे समजू नये. लंडन येथील संशोधकांनी 96 माणसांच्या नव्या सवयींचा अभ्यास करून तो 2010 साली प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडण्यास कोणास 18 दिवस, तर कोणास 254 दिवस लागतील असे त्यांस आढळले. मधला आकडा 66 दिवसांचा. आणि मधेच एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसून आले. पेरणीत एक तास चुकला तर शेतकरी शेत सोडून जात नाही. पुढील तास धरतो.

पाचवी गोष्ट शिक्षकबंधूंसाठी. संकल्प सर्व सभेपुढे बोलविण्यापेक्षा एका विश्वासू मनुष्यास सांगावा, आणि त्याने दर आठवड्यास प्रेमाने विचारपूस करावी. टाळी एका क्षणाची असते. विचारपूस वर्षभर पुरते.

त्या बंधूंकडे आम्ही पुढे गेलो. "संकल्प का मोडला?" असे विचारले नाही. "या आठवड्यात काय जमेल?" एवढेच विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, "सावकाराकडून हिशेब लिहून आणीन." त्यांनी तो आणला. कर्ज अजून होतेच. परंतु त्या रविवारी ते आपल्या जागी येऊन बसले. वाचकहो, तुमच्याही गावी अशी एखादी जागा रिकामी असेल. तेथे आधी तुम्ही जा.

चर्चेसाठी प्रश्न
1. तुमचा मागील संकल्प कोठे अडला : मोजमापात, वेळेत, की लाजेत?
2. त्यातील कोणता भाग तुमच्या हाती होता व कोणता नव्हता?
3. येत्या आठवड्यात जमेल असे एक लहान काम कोणते? ते केव्हा व कोठे कराल?
4. ते तुम्ही कोणास सांगाल?