बंद खिडक्यांआडची हवा

बंद खोलीत पुष्कळ माणसे बसली की हवा कोंदट होते व डोके जड होऊ लागते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये त्याला मोजमाप दिले. राहत्या खोलीच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागापेक्षा अधिक असू नये, असे त्यांनी सुचविले. एवढा वायू स्वतः विषारी नव्हे. माणसांच्या उच्छ्वासाने हवा बिघडल्याची ती खूण होय.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या धड्याचा विसर पडला. इंधन वाचविण्यासाठी पाश्चात्त्य देशांतील कचेऱ्या घट्ट बंद करण्यात आल्या. अमेरिकेत तर बाहेरून घ्यावयाच्या हवेचे किमान प्रमाण दर माणशी मिनिटाला पाच घनफुटांपर्यंत खाली आणले गेले. पुढे डोकेदुखी, थकवा, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी सुरू झाल्या. कचेरीतून बाहेर पडताच त्या बहुधा नाहीशा होत. नव्या व नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी तीस टक्क्यांपर्यंत इमारतींत असे घडत असावे, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने १९८४ मध्ये वर्तविला.

हवेचा परिणाम बुद्धीच्या कामावरही होतो काय? अमेरिकेतील सिराक्यूज येथे चोवीस कर्मचाऱ्यांना सहा दिवस एका प्रायोगिक कचेरीत बसविण्यात आले. कोणत्या दिवशी कशी हवा आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. रंग, सरस, लाकडी सामान इत्यादींतून निघणाऱ्या बाष्पांचे प्रमाण कमी ठेवले, तेव्हा निर्णयक्षमतेच्या चाचणीतील गुण सरासरी ६१ टक्क्यांनी वाढले. त्याच्या जोडीला ताजी हवाही वाढविली, तेव्हा १०१ टक्क्यांनी. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता व चाचणी एकच होती, हे विसरून चालणार नाही; तथापि त्याची दिशा स्पष्ट आहे.

म्हणून ‘हरित’ इमारतीचा विचार केवळ विजेच्या बचतीपुरता करणे योग्य नव्हे. भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. हिवाळ्यात दिल्लीसारख्या शहरात खिडकी उघडली, तर ताज्या हवेबरोबर धूर व धूळही आत येतात. तेथे हवा गाळून आत घेण्याची सोय आराखड्यातच करावी लागते. ती करावयाची की नाही, हे मालक व वास्तुशिल्पी ठरवितात. तिच्या अभावाचे परिणाम मात्र आत दिवसभर काम करणाऱ्याला भोगावे लागतात.