लाटेकमधले अनोळखी गट: खर्च शून्य, पण या जागा सांभाळा

लाटेकमध्ये प्रबंध किंवा पुस्तक लावताय? मग कुणाच्या तरी जुन्या फाइलीत 'बिगिनग्रुप-एंडग्रुप' आणि 'बीग्रुप-ईग्रुप' या आज्ञा तुम्ही पाहिल्या असतील. नवशिक्यांच्या पुस्तिकांत त्या सहसा नसतात. काम सोपं आहे: पहिली आज्ञा गट उघडते, दुसरी मिटवते, आणि गटात केलेला बदल सहसा गट मिटला की रद्द. महिरपी कंसही हेच करतो.

मग घ्यायचं काय? स्वतःचा मॅक्रो लिहिताना बिगिनग्रुप घ्या. तो फक्त एंडग्रुपनेच मिटतो, त्यामुळे जोडी चुकली की लगेच कळतं. लाटेकचं बिगिन-एंडही आतून हाच गट उघडतं. बीग्रुप म्हणजे उघडत्या कंसाचं दुसरं नाव. तो साध्या बंद कंसानेही मिटतो. मात्र मॅक्रोला मजकूर द्यायला तो चालत नाही, तिथे खरा कंसच हवा.

आता छुपा खर्च. सगळ्यात जास्त फटका परिच्छेदात बसतो. कंसात 'स्मॉल' लिहून परिच्छेद टाकलात आणि तो संपण्याआधीच कंस मिटवलात, तर अक्षरं लहान होतात, पण ओळींमधलं अंतर मोठंच राहतं. कंस मिटवण्याआधी 'पार' लिहा किंवा एक ओळ रिकामी सोडा. गणितात बरोबरचं चिन्ह कंसात टाकलंत तर दोन्ही बाजूंची जागा जाते. बिगिनग्रुपने ती जात नाही. आणखी एक: 'सेटलेंग्थ' गटापुरतं असतं, 'सेटकाउंटर' गटाबाहेरही टिकतं.

पैसे? लाटेकचा संच टेक लाइव्ह फुकट आहे. पूर्ण घ्यायचं तर डिस्कवर काही जीबी जागा ठेवा. कागदपत्रंही फुकट. टर्मिनलवर 'टेक्सडॉक सोर्सटूई' लिहिलंत की लाटेकचा गाभा टिपणांसह उघडतो. तो जड वाटला तर व्हिक्टर आयखाउट यांचं 'टेक बाय टॉपिक' घ्या. त्यातलं गटांवरचं प्रकरण छोटं आहे, एका बैठकीत होतं. एवढ्यासाठी क्लासची फी भरू नका.

काम बाहेर दिलं असेल तर पीडीएफवर समाधान मानू नका. गट उघडा राहिला तरी पीडीएफ तयार होते. मूळ टेक फाइल आणि लॉग दोन्ही मागा. लॉगच्या शेवटी 'एंड ऑकर्ड इनसाइड अ ग्रुप' दिसलं, तर गट कुठेतरी उघडा आहे. कोणत्या ओळीवर उघडला तेही बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. ती ओळ दुरुस्त करून मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.